उजळून काढलेला मामा

करिसलपट्टीत फोटो काढायचा तर इसक्कीमुत्तूकडेच जावं लागतं, दुसरा स्टुडिओच नाही. त्याच्याकडे गेलं की डोळ्यांखालची काळी वर्तुळं जातात, हनुवटीखालची सावली जाते, आणि दिवस वाईट असला तर नाकही जातं. नाक म्हणजे तरी काय, तोंडाच्या मधोमध पडलेली सावलीच, असं इसक्कीचं म्हणणं. सावली काढल्यावर नाक उरत नसेल तर त्याने काय करायचं?

त्याच्या संगणकात जे सॉफ्टवेअर आहे त्यात म्हणे शंभर करामती करता येतात. डोक्यावर केस उगवून देता येतात, पाठीमागे काश्मीर लावता येतं. इसक्कीला त्यातलं काही नको. त्याला एकच पट्टी प्रिय. ती उजवीकडे सरकवली की फोटोतला काळोख हळूहळू उजळतो आणि आत दडलेलं बाहेर येतं. आपण काही घालत नाही, काही पुसत नाही, आहे तेच दाखवतो, याचा त्याला भारी अभिमान. पान नाही, विडी नाही, ताडी नाही, व्यसन म्हणाल तर हे एक. गिऱ्हाईक 'पुरे' म्हणालं तरी हा खुर्चीवरून मान न वळवता सांगणार, "थांबा, आत अजून आहे."

दोष एकट्या इसक्कीचा नाही, आमच्या गावाचाही आहे. आमची माती काळी आणि आम्ही मातीहून काळे. शेतात कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण कॅमेऱ्यासमोर बसलं की जो तो सोललेला नारळ व्हायला बघतो. माणूस नीट टेकायच्या आधीच म्हणतो, "अण्णाची, जरा पांढरं." अण्णाची म्हणजे आमच्याकडे दादा. पेच्चियम्मा तर नवऱ्याचा हार घालायचा फोटो तीन वेळा परत घेऊन आली होती. चौथ्यांदा जो निघाला तो इतका गोरा निघाला, की दिवसांना आलेले पाहुणे विचारत होते, हा साहेब तुमच्याकडे भाड्याने राहायचा का?

मग जे व्हायचं ते होतंच. एका नवऱ्यामुलाची मिशी उजळता उजळता पिकली, आणि मुलीकडच्यांनी निरोप धाडला की वडिलांचा फोटो मिळाला, आता मुलाचा पाठवा. विम्यासाठी काढलेली एक म्हैस पांढरी झाली. कागदावर काळी म्हैस, फोटोत पांढरी, म्हणून साहेबाने खरी म्हैस आणायला सांगितली, आणि म्हैस दिवसभर कचेरीच्या व्हरांड्यात फोटोशेजारी उभी राहिली. शेवटी साहेबाने फोटोवर विश्वास ठेवला.

सगळ्यात मोठा घोटाळा जत्रेचा. आमचा सुडलैमाडन मसणातला देव, तो मध्यरात्री अंगात येतो, मशाली घेऊन नाचतो. त्या फोटोंवर इसक्कीने पट्टी अशी सरकवली की टळटळीत दुपार झाली. मागच्या भिंतीवर वाळत घातलेल्या लुंग्या दिसू लागल्या, देवाच्या पायाशी कुणीतरी आडवा होऊन घोरत होता तो दिसू लागला. पुजारी पिसाळलाच. "अरे, जो देव भल्याभल्यांना रात्री थरथरा कापायला लावतो, त्याला तू जेवायच्या सुट्टीत आणून उभा केलास!" तर हा म्हणतो, "मी आणला नाही, अण्णाची. तो तिथे होताच." झाकली मूठ सव्वा लाखाची, हे गावात शेंबड्या पोराला कळतं. इसक्कीला मात्र मूठ दिसली की उघडल्याशिवाय चैन पडत नाही.

पण त्याचं नाव झालं ते चपलेमुळे. कुट्टालम तात्ता म्हणून आमच्या गावचे सगळ्यात जुने पंच. त्यांच्या लग्नातच त्यांची नवी चप्पल चोरीला गेली होती, आणि ती गोष्ट आयुष्यभर त्यांनी इतक्यांदा सांगितली होती की चप्पल हा शब्द निघाला की लोक उठून जात. त्यांच्या लग्नाचा फोटो इसक्कीने उजळला, तर बाकाखालच्या काळोखात ती चप्पल! आणि चपलेत पाय होता. पायाचा माग काढत वर गेलं तर तो साडू निघाला. तात्ता त्याच दिवशी बस धरून साडूच्या गावी गेले. साडू अंथरुणाला खिळलेला, त्याच्या तोंडावर फोटो धरून म्हणाले, "काढ." साडू काय काढणार? पण त्याने हात जोडले, तात्तांनी त्याला सोडलं, दोघे रडले, आणि येताना तात्ता पोतंभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन आले.

तेव्हापासून लोक इसक्कीकडे फोटो काढायला कमी आणि शोधायला जास्त येऊ लागले. कुणाला तांब्या हवा, कुणाला त्या दिवशी पायसम कोणी सांडलं ते हवं. अशात एक दिवस पोन्नुत्ताई आली.

पोन्नुत्ताई ही त्याच पेच्चियम्माची एकुलती एक मुलगी. काडेपेटीच्या कारखान्यात हिशेब लिहिते, बोलायला कडक. लग्न ठरलेलं, महिन्यावर आलेलं. पिशवीतून तिने एक जुना फोटो काढून टेबलावर ठेवला. तिच्याच कान टोचण्याचा. मुंडण केलेली, चंदन फासलेली एक पोर तोंड फाडून रडते आहे, सोनार वाकला आहे, पेच्चियम्माने पोरीचं डोकं धरलं आहे, मागे घराचं दार.

"इसक्की अण्णा, यात माझा मामा शोध."

"मामा म्हणजे काय चप्पल आहे का गं?"

"चप्पल सापडते तर मामा का नाही सापडणार? चपलेपेक्षा मोठा आहे."

मामाची भानगड गावात सगळ्यांना तोंडपाठ होती. माडसामी हा पेच्चियम्माचा धाकटा भाऊ, तळ्यापलीकडच्या वाडीत राहतो. भाचीचे कान मामाच्या मांडीवर टोचायचे, ही आमची रीत. मामा आहेराची ताटं घेऊन येतो, त्याला ढोल लावून सामोरं जायचं, गंध लावायचं, हाताला धरून आत आणायचं. बोलावल्याशिवाय मामा उंबरा ओलांडत नाही, आणि ओलांडलाच तर त्याला मामा म्हणत नाहीत, आगंतुक म्हणतात. तर त्या दिवशी माडसामी आला नाही, असं पेच्चियम्मा म्हणते. आणि 'मी आलो होतो, मला कुणी आत घेतलं नाही,' असं माडसामी म्हणतो. एवढ्या दोन वाक्यांवर बहीणभावाने वीस-बावीस वर्षं काढली. सोमवारच्या बाजारात समोरासमोर आले की ती वांगी बघते आणि तो आभाळ बघतो.

पोन्नुत्ताई स्टुलावर बसली. "मामाची मांडी नव्हती म्हणून कान टोचायला मला भाताच्या पोत्यावर बसवलं. बघ, दिसतंय पोतं. न्हाण आलं तेव्हा वेगळं बसायची झोपडी मामाने बांधायची, तो नाही, म्हणून शेळ्यांच्या गोठ्यात बसवलं. आता लग्नात काय, मामाच्या जागी काड्यांचं खोकं ठेवू? मी आईला सांगून टाकलंय, मामा नाही तर मी मांडवात पाय ठेवणार नाही."

"मग अक्का काय म्हणाली?"

"म्हणाली, तो आला होता हे सिद्ध कर, मी स्वतः बोलवायला जाते. मामाकडे गेले तर तो म्हणतो, मी आलो होतो हे तिने कबूल करावं, मी उडी मारत येतो." तिने नाक ओढलं. एवढी कडक पोर, पण आवाज फुटला. "अण्णा, मला माझा मामा पाहिजे रे. भांडायला तरी पाहिजे."

इसक्कीला स्वतःला मुलगी नव्हती, आणि ही पोर लहानपणी त्याच्या स्टुडिओतल्या लाकडी घोड्यावरून उतरायला तयार नसायची. त्याने फोटो यंत्रात घातला, पडद्यावर आणला आणि दाराजवळचा काळोख मोठा केला.

दाराच्या उजव्या अंगाला, उजेडात, मांडवाला बांधलेली केळ स्वच्छ दिसत होती. डाव्या अंगाला नुसतं काळं डांबर. त्याने पट्टी सरकवली. काळ्याचं तपकिरी झालं, तपकिरीचं करडं झालं, सगळीकडे रवा सांडल्यासारखे दाणे दाणे उठले. आणि त्या दाण्यांतून एक उभी, बारीक, काळी आकृती वर आली. खांद्यावर पांढरा टॉवेल. वर एक लांबोळकं डोकं, किंचित खाली झुकलेलं. आणि त्यावर, शपथ घेऊन सांगावं अशी, मिशी.

पोन्नुत्ताई किंचाळली, "मामा!"

ती किंकाळी चहाच्या टपरीपर्यंत गेली आणि अर्ध्या तासात सगळं गाव स्टुडिओत होतं. जे मावले नाहीत ते खिडकीत होते. कुट्टालम तात्तांना खुर्ची दिली. पेच्चियम्मा हात धुवत होती ती तशीच ओल्या हाताने आली आणि दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तात्ता, तुम्ही सांगा, हा कोण?" पोन्नुत्ताईने विचारलं.

तात्तांनी नाक पडद्याला टेकवलं. "माडसामी आहे. तसाच काळा, तसाच काटकुळा. टॉवेलसुद्धा त्याच खांद्यावर."

"तोंड नीट दिसत नाही," एकजण म्हणाला.

"लाजतोय. बहिणीच्या दारात तिष्ठत उभं राहिल्यावर तोंड दाखवेल होय?"

"अजून पांढरा कर रे, इसक्की."

"अजून केला तर फुटेल," इसक्की म्हणाला. पण केला. आकृती फुटली, पसरली. एकाला त्यात वारलेला पोस्टमन दिसला, एकाला स्वतःची हरवलेली शेळी मागच्या दोन पायांवर उभी दिसली. पण मामावर गावाचं एकमत होत आलं होतं.

खिडकीतून कुणीतरी विचारलं, "मांडवाला केळी दोन बांधतात ना? उजवीकडे एक दिसते. दुसरी कुठे आहे?"

"मामाच्या मागे असेल," तात्ता म्हणाले. "मध्ये बोलू नकोस."

पेच्चियम्मा तेवढ्यात गरजली. "माझा भाऊ असता तर आत आला असता!"

"तू बोलवायला गेलीस?" तात्तांनी विचारलं.

"मी पोरीचं डोकं धरलं होतं. मी कशी जाणार?"

"नवरा गेला बोलवायला?"

तिने मान फिरवली.

"ढोल गेला?"

"ढोलवाले म्हणाले, मामा दिसला की वाजवतो."

"मग झालं तर," तात्तांनी काठी आपटली. "रीतीचा माणूस रीतीने दारात उभा राहिला. कुणी गंध लावायला आलं नाही, म्हणून उंबरा ओलांडला नाही. आत आला असता तर मी म्हणालो असतो, हा माडसामी नव्हे. बाहेर उभा आहे, हाच त्याचा पुरावा. पेच्ची, तुझा भाऊ आला होता. आणि हा फोटो असाच मोठा करून लग्नाच्या फ्लेक्सवर लावायचा, नवरा-नवरीच्या शेजारी. ज्याला गावाने खोटा ठरवला त्याला गावासमोर खरा ठरवायचा."

पेच्चियम्मा पडद्याकडे बघत राहिली. पदराने हात पुसले, ते कधीच वाळले होते. मग काही न बोलता निघून गेली. गावाने हा होकार धरला. पोन्नुत्ताईने इसक्कीचे दोन्ही हात धरले आणि पोरगी पळत सुटली, तळ्यापलीकडे मामाला सांगायला.

इथे थांबला असता तर तो इसक्की कसला? फ्लेक्सला फोटो मोठा करायचा, तर ते दाणे आधी निवडून काढायला हवेत. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो त्याच कामाला बसला. एकेक दाणा बसवत गेला, पट्टी केसाकेसाने पुढे नेत गेला. "आत अजून आहे," स्वतःशीच पुटपुटत होता. दुपारपर्यंत आत जे होतं ते सगळं बाहेर आलं.

मामाच्या डोक्यातून एक पान फुटलं होतं. लांबलचक, मधोमध शीर असलेलं, टोकाला फाटलेलं. त्यामागे दुसरं. डोकं म्हणून जे होतं ते केळफूल होतं, चांगलं टपोरं, खाली झुकलेलं, आणि त्याचं एक साल सुटून आडवं वळलं होतं, ती मिशी. कुणीतरी घाम पुसून टॉवेल केळीच्या बुंध्याला अडकवला होता. दुसरी केळ मामाच्या मागे नव्हती.

इसक्कीला दरदरून घाम फुटला. आजवर त्याने इतका काळोख उपसला, पण जे वर आलं ते परत खाली ढकलावं असं त्याला पहिल्यांदा वाटलं. आता सांगायचं कुणाला? तात्तांना? त्यांनी काठीने संगणक फोडला असता. पोन्नुत्ताईला? हात धरतानाचा तिचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

तेवढ्यात दारात सावली पडली. माडसामी उभा होता. काळा, काटकुळा, खांद्यावर टॉवेल, हातात पानात बांधलेले ताडगोळे.

"ये म्हण की," तो म्हणाला.

"या ना अण्णाची, या." इसक्की पडदा झाकायला धडपडला, पण एवढा मोठा पडदा दोन हातांनी कसा झाकणार?

माडसामी जवळ आला, वाकून बघू लागला. बराच वेळ बघितलं. "हा मी?"

"अण्णाची..."

"ही केळ आहे रे."

"हो."

"केळफूलपण आहे."

"हो. गावाने ते तुमचं तोंड ठरवलंय."

माडसामीने आणखी जवळून पाहिलं. "मिशी बरी आलीये," म्हणाला, आणि हसायला लागला. हसता हसता स्टुलावर बसला, आणि मग ते हसू कुठल्या कुठे गेलं.

"मी दारात नव्हतोच रे, इसक्की. मी तळ्याच्या बांधावर होतो. चिंचेखाली. ताटं मांडीवर घेऊन बसलो होतो. म्हटलं ढोल येईल, मग जाऊ. मामा आहे मी, असा कसा चालत जाऊ? इकडे ढोलवाले मी दिसण्याची वाट बघत बसले असतील, कुणास ठाऊक. ऊन डोक्यावर आलं. ताटातली फुलं कोमेजली. आणि मग पोर रडलेली ऐकू आली. बांधापर्यंत ऐकू आली बघ. म्हटलं, टोचले. माझ्याशिवाय टोचले." त्याने टॉवेलने तोंड पुसलं. "उठलो आणि उपाशी घरी गेलो. पण मी आलो होतो म्हणतो ना, ते खोटं नाही. बांध गावातच धरतात की नाही?"

"धरतात," इसक्की म्हणाला. अर्धा बांध दुसऱ्या पंचायतीत जातो, पण हे बोलायची ही वेळ नव्हती.

"मग आता तू काय करणार?"

"मी आजवर कुणाचं काही झाकलं नाही, अण्णाची. देवाचं नाही झाकलं. तुम्हीच अक्काला जाऊन खरं सांगा ना."

"सांगितलं तर ती काय म्हणेल? बघा, आलाच नव्हता. मग मी परत बांधावर." तो उठला. "पोरगी काल माझ्या गळ्यात पडून रडली रे. तिला मी दारात उभा होतो म्हणून रडू आलं. तिला कसं सांगू, ती केळ होती म्हणून? तुला सांगायचं असेल तर सांग. मी नाही अडवत." ताडगोळे टेबलावर ठेवून तो गेला.

इसक्कीने दोन दिवस चूल पेटलेली पाहिली नाही की भात गिळला नाही. बायकोने विचारलं, पोट बिघडलंय का? तो म्हणाला, पान फुटलंय. तिने कपाळावर हात मारला. पट्टी मागे सरकवायची म्हणजे काळोख परत घालायचा. जो माणूस आयुष्यभर 'मी काही घालत नाही' म्हणून मिरवला, त्याने काळोख घालायचा? आणि नाही घातला, तर कोविलपट्टीहून छापून आलेल्या पुरुषभर फ्लेक्सवर मामाच्या डोक्यातून पान बाहेर आलेलं सगळ्या लग्नाने बघायचं. पोन्नुत्ताईने बघायचं. मांडवाच्या पायरीवर उभी राहून.

त्याचा काही निर्णय होईना, आणि तिसऱ्या दिवशी पेच्चियम्मा फ्लेक्स बघायला आली. छापायच्या आधी एकदा बघून जायचं, ही इथली पद्धत. कुणाचं तोंड कुणापेक्षा लहान झालं तर लग्न मोडतं.

"दाखव रे, इसक्की," म्हणत ती खुर्चीत बसली.

इसक्कीने दाखवलं. मधे नवरा-नवरी, एका बाजूला रडणारी पोर, दुसऱ्या बाजूला दार आणि दारात मामा. लपवायला त्याला जमलं नाही आणि सांगायला धीर झाला नाही, म्हणून त्याने सगळं तसंच ठेवलं होतं. पान स्वच्छ हिरवं दिसत होतं. इसक्कीने डोळे मिटून घेतले आणि शिव्यांची वाट बघू लागला.

पेच्चियम्माने खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"नवरदेवाला जरा पांढरा कर," ती म्हणाली.

"करतो, अक्का."

"मला पण. गळ्यापाशी."

"करतो."

"आणि ह्याला," तिने दाराकडे बोट केलं, "जरा काळं कर."

इसक्कीने डोळे उघडले. त्या स्टुडिओत आजवर हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. आणि म्हणणारी कोण, तर नवऱ्याचा साहेब करून घेऊन गेलेली पेच्चियम्मा.

"काळं का, अक्का?"

"पान दिसतंय."

"म्हणजे अक्का, तुम्हाला..."

"मला काय?" ती फिस्कारली. "मी काय फोटोवाली आहे? माझ्या भावाच्या डोक्यात पान दिसतंय, बरं दिसत नाही, काळं कर. सावली उचलता येते तुला, ठेवता येत नाही?"

"येते, अक्का."

"मग ठेव."

इसक्कीने पट्टीवर बोट ठेवलं आणि डावीकडे ओढली. बोट जड झालं होतं. पान विझलं, शीर विझली, केळफुलावर अंधार उतरला आणि त्याचं पुन्हा तोंड झालं. पेच्चियम्मा शेजारी बसून सांगत होती, "अजून. थोडं अजून. मिशी राहू दे. हं, बास." तिने डोळे टिपले, आणि उठता उठता दम दिला, "आणि हे बघ, त्या येड्याला यातलं काही बोलायचं नाही. त्याला वाटू दे, मला खरं वाटलंय."

इसक्की मूग गिळून बसला. दोघांचंही बोलणं त्याच्या पोटात होतं, आणि त्याला पोटात काही ठेवायची सवय नव्हती. लग्नापर्यंत तो गावात कुणाच्या समोर आला नाही. कुणी भेटलंच तर खोकत निघून जायचा.

लग्नाच्या दिवशी सकाळी ढोल तळ्याच्या बांधावर गेला. ढोलाच्या पुढे गंधाचं ताट घेऊन पेच्चियम्मा स्वतः, अनवाणी. कुणी सांगितलं नसताना ती नेमकी चिंचेखाली जाऊन उभी राहिली. माडसामी तिथे होताच, ताटं घेऊन, भल्या सकाळपासून. तिने त्याच्या कपाळाला गंध लावलं, अर्धं नाकावर गेलं. ती त्याचा हात धरून पुढे चालू लागली आणि तो तिच्या मागे लहान पोरासारखा आला.

मांडवाच्या दारात तो पुरुषभर फ्लेक्स लावला होता. कुट्टालम तात्ता काठीने दाखवून वऱ्हाडाला न्यायनिवाडा समजावून सांगत होते. पोन्नुत्ताई शालू सावरत धावत आली आणि मामाच्या पाया पडली. मामाने तिला उठवलं, हार घातला, आणि दोघं ओक्साबोक्शी रडली. इसक्की कॅमेरा घेऊन समोर होता, पण डोळ्यांत पाणी आल्यामुळे त्याचे ते सगळे फोटो हलले.

पेच्चियम्मा फ्लेक्ससमोर उभी होती. भावाला शेजारी ओढून तिने त्या काळ्या काटकुळ्या आकृतीकडे बोट केलं.

"बघ कसा वाळला होतास तेव्हा. नुसता खुंट. घरी कुणी जेवायला घालत नव्हतं?"

माडसामीने फ्लेक्सकडे पाहिलं, मग इसक्कीकडे पाहिलं. इसक्की कॅमेऱ्याची काच पुसू लागला.

"उभा राहून राहून तसा झालो, अक्का," माडसामी म्हणाला.

"मग आत यायचं होतंस."

"बोलवायचं होतंस."

"चुकलं माझं," पेच्चियम्मा म्हणाली. एवढ्या मोठ्याने म्हणाली की ढोलवाले थांबले. मग तिने त्याला हाताला धरून पंगतीत नेलं, सगळ्यांच्या आधी पान मांडलं, स्वतः भात वाढला, सांबार वाढलं, आणि तो 'पुरे पुरे' म्हणत असताना पुन्हा भात वाढला.

"जेव," ती म्हणाली. "त्या दिवशी माझ्या दारातून उपाशी गेलास."

माडसामी पहिला घास हातात धरून बसला होता. "हो अक्का," तो म्हणाला, "फार भूक लागली होती गं." आणि मान खाली घालून जेवू लागला.